स्मृति-फुगा व स्मृतीचा हिशेब

एकाच संगणकावर एकाच वेळी अनेक आभासी यंत्रे चालत असताना त्यांपैकी एखाद्या यंत्राला दिलेल्या स्मृतीचा काही भाग परत मिळविण्यासाठी त्या यंत्राच्या आतच बसविलेली लहानशी आज्ञावली म्हणजे स्मृति-फुगा होय. ‘बलून ड्रायव्हर’ या नावाने ती तंत्रज्ञांत अधिक परिचित आहे. आभासी यंत्र म्हणजे आज्ञावलीच्या साहाय्याने उभे केलेले संगणकाचे सोंग. त्यात चालणाऱ्या परिचालन प्रणालीला, म्हणजे विंडोज, लिनक्स यांसारख्या ऑपरेटिंग सिस्टीमला, आपण एका स्वतंत्र व संपूर्ण संगणकाचे धनी आहोत असेच वाटते. अशा प्रणालीस अतिथी प्रणाली म्हणतात. सर्व आभासी यंत्रे उभी करणारी व प्रत्यक्ष साधने त्यांच्यात वाटून देणारी मूळ आज्ञावली ती नियंत्रक किंवा हायपरव्हायझर होय. [⟶ संगणक].

या व्यवस्थेत स्मृतीचा हिशेब दोन ठिकाणी ठेवला जातो. स्मृतीची ठराविक आकाराच्या तुकड्यांत विभागणी केलेली असते व अशा तुकड्यास पृष्ठ म्हणतात. त्याचा आकार बहुधा ४,०९६ बाइट असतो. कोणते प्रत्यक्ष पृष्ठ कोणत्या यंत्राकडे आहे, एवढेच नियंत्रकाच्या वहीत असते. ते पृष्ठ कामात आहे की रिकामे पडले आहे, हे त्याला सहजासहजी दिसत नाही. अतिथी प्रणालीच्या वहीत नेमके हेच नोंदलेले असते. परंतु आपल्या पृष्ठामागे प्रत्यक्ष स्मृती आहे की नाही, हे तिला कळत नाही. फुगा हा या दोन वह्यांमधील दुवा होय. त्याचा इतिहास पाहता असे दिसते की, स्मृती परत घेण्याची युक्ती एकदा सुचल्यावर चटकन साधली. दोन वह्यांचा मेळ बसविणे मात्र त्यानंतर वीस वर्षे उलटली तरी पुरते साधले नाही. मेळ चुकल्याची किंमतही पुष्कळदा त्या चुकीशी काहीच संबंध नसलेल्या आज्ञावलीला मोजावी लागते.

पूर्वपीठिका : आहे त्यापेक्षा अधिक स्मृती भासविण्याची कल्पना इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी फेरांटी कंपनीच्या सहकार्याने बांधलेल्या अ‍ॅटलस या संगणकात प्रथम मूर्त झाली. डिसेंबर १९६२ मध्ये सुरू झालेल्या या यंत्रात चुंबकीय गाभ्यांची जलद स्मृती १६,३८४ शब्दांची, तर चुंबकीय ड्रमवरील मंद स्मृती ९८,३०४ शब्दांची होती. ५१२ शब्दांचे एक पृष्ठ धरून या दोहोंमध्ये पृष्ठांची आपोआप ने-आण होई व आज्ञावली लिहिणाऱ्यास सर्व मिळून एकच मोठी स्मृती असल्याचे भासे. आभासी स्मृतीचा हा उगम होय.

संपूर्ण यंत्रच आभासी करण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथील केंद्रात झाला. रॉबर्ट क्रीसी यांच्या नेतृत्वाखाली १९६४ च्या अखेरीस काम सुरू झाले आणि सीपी-४० ही प्रणाली जानेवारी १९६७ पासून नित्य वापरात आली. ती १४ आभासी यंत्रे उभी करी व प्रत्येकास २५६ किलोबाइट स्मृती असल्याचे दाखवी. ज्या सिस्टिम/३६० मॉडेल ४० संगणकावर हे चाले, त्यात प्रत्यक्ष स्मृती जास्तीत जास्त २५६ किलोबाइटच बसू शके. म्हणजे जवळ असलेल्या ठेवीच्या चौदापट रकमेच्या हुंड्या काढल्यासारखा हा प्रकार होता. सर्वांनी एकदम वटविण्यास आणल्या नाहीत म्हणूनच तो निभावे. याच परंपरेतील व्हीएम/३७० ही प्रणाली आयबीएमने २ ऑगस्ट १९७२ रोजी जाहीर केली.

अशा व्यवहाराला मर्यादा कोठे पडते, याचे उत्तर पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये दिले. आज्ञावली एखाद्या कालखंडात ज्या पृष्ठांना वारंवार हात लावते त्यांच्या समूहास त्यांनी कार्यसंच असे नाव दिले. सर्व कार्यसंचांची बेरीज प्रत्यक्ष स्मृतीहून अधिक झाली की, यंत्र आपला बहुतेक वेळ पृष्ठे बाहेर टाकण्यात व पुन्हा आत आणण्यात घालविते आणि काम जवळजवळ थांबते. या घालमेलीस ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. यावरून उघड होते की, कोणास किती स्मृती दिली आहे, यापेक्षा तो तिच्यापैकी किती वापरीत आहे, ही संख्या महत्त्वाची; आणि नियंत्रकाला दिसत नाही ती नेमकी हीच.

आभासी यंत्रांच्या बाबतीत आणखी एक विकृती उद्‌भवते. नियंत्रक व अतिथी प्रणाली हे दोघेही स्वतंत्रपणे, एकमेकांना न विचारता, कमी वापरातील पृष्ठे चकतीवर टाकीत असतात. नियंत्रकाने एखादे पृष्ठ आधीच चकतीवर टाकलेले असावे आणि पाठोपाठ अतिथी प्रणालीनेही तेच टाकायला निवडावे, असे वारंवार घडते. कारण दोघांची निवडीची कसोटी सारखीच असते. मग केवळ पुन्हा लिहून ठेवण्यासाठी ते पृष्ठ चकतीवरून वाचून आणावे लागते. रॉबर्ट गोल्डबर्ग व रॉबर्ट हॅसिंगर यांनी १९७४ मध्ये या दुहेरी पृष्ठनाची चर्चा केली. प्रत्यक्ष स्मृती तेवढीच ठेवून अतिथी प्रणालीला भासणारी स्मृती वाढविली, तर काम सुधारण्याऐवजी पृष्ठांची ये-जा वाढू शकते, असा त्यांचा निष्कर्ष होता. यावर त्या काळीच काही उपाय निघाले. व्हीएम/३७० वर ओएस/व्हीएस१ ही अतिथी प्रणाली चालविताना दोघांत निरोपांची देवघेव करण्याची सोय होती. नको असलेली पृष्ठे अतिथी प्रणालीने स्वतःहून नियंत्रकाला परत करण्याची खास आज्ञाही व्हीएम/३७० मध्ये होती. फुग्याचे बीज येथे आहे. तथापि परत करण्याचा पुढाकार तेव्हा अतिथीकडे होता, मागण्याचा अधिकार नियंत्रकाकडे नव्हता.

१९८० नंतर सूक्ष्मप्रक्रियकांवरील स्वस्त संगणक घरोघरी व कचेऱ्यांत पोहोचले आणि एकच यंत्र अनेकांनी वाटून घेण्याची निकड उरली नाही. मोठ्या आयबीएम संगणकांच्या जगाबाहेर हा विषय सुमारे पंधरा वर्षे मागे पडला. १९९७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवार्ड बुन्यों, स्कॉट डिव्हाइन व मेंडेल रोझेनब्लम यांनी डिस्को या संशोधनप्रणालीद्वारे तो पुन्हा वर आणला. पुढच्याच वर्षी या तिघांसह पाच जणांनी व्हीएमवेअर ही कंपनी स्थापन केली. तिची ईएसएक्स सर्व्हर ही नियंत्रक आज्ञावली २००१ मध्ये बाजारात आली.

फुग्याची रचना : ईएसएक्समधील स्मृतिव्यवस्थेचे वर्णन कार्ल वाल्डस्पर्गर यांनी डिसेंबर २००२ मध्ये बॉस्टन येथील परिषदेत वाचलेल्या निबंधात केले. फुग्याची कल्पना सर्वपरिचित झाली ती या निबंधामुळे. ती अशी : अतिथी प्रणालीत एक चालक बसवावयाचा. त्याने ठराविक काळाने, त्या आवृत्तीत दर सेकंदास एकदा, नियंत्रकाला विचारावयाचे की, फुगा किती मोठा असावा. नियंत्रकाला स्मृतीची गरज असेल तर तो मोठा आकडा सांगतो. चालक मग इतर कोणत्याही आज्ञावलीप्रमाणे आपल्या परिचालन प्रणालीकडे पृष्ठे मागतो, ती अडवून धरतो व त्यांचे क्रमांक नियंत्रकाला कळवितो. त्या पृष्ठांना कोणी हात लावणार नाही, ही खात्री असल्याने नियंत्रक त्यांच्यामागील प्रत्यक्ष स्मृती काढून दुसऱ्या यंत्राला देतो. फुगा फुगला की आतील प्रणालीला टंचाई जाणवते आणि कोणती पृष्ठे सोडावयाची हे ती स्वतःच्या वहीवरून ठरविते. म्हणजे निवड ज्याला माहिती आहे त्याच्याकडेच राहते. दुहेरी पृष्ठनाची विकृती येथे मुळातच टळते. गरज संपली की फुगा आक्रसतो व पृष्ठे परत मिळतात.

युक्ती साधी आहे आणि तिचे सौंदर्य या साधेपणातच आहे : अतिथी प्रणालीत एका ओळीचाही बदल न करता तिच्याच नियमांनी तिच्याकडून स्मृती काढून घेतली जाते. कोणास किती द्यावयाचे हे ठरविण्यासाठी वाल्डस्पर्गर यांनी निष्क्रिय स्मृतीवर कर बसविण्याची योजना केली होती. त्याचा दर मूलतः ७५ टक्के होता. निष्क्रिय स्मृती किती आहे, हे मात्र अतिथी प्रणालीला विचारले जात नसे. नियंत्रक दर ३० सेकंदांस यदृच्छया १०० पृष्ठे निवडी आणि त्यांपैकी किती पृष्ठांना हात लागला, हे पाहून अंदाज बांधी. आतल्या वहीवर सर्वस्वी विसंबून न राहण्याचा हा शहाणपणा पुढील काळातील अनेक प्रणालींत आढळत नाही.

याच निबंधात एक मोजमाप दिले आहे. २५६ मेगाबाइटांचे आभासी यंत्र फुग्याने लहान करून त्याची तुलना मुळातच तेवढ्या लहान स्मृतीच्या यंत्राशी करण्यात आली. फुग्याने लहान केलेले यंत्र १.४ ते ४.४ टक्क्यांनी मागे पडले. कारण असे की, आपल्या कोष्टकांचा आकार लिनक्स सुरू होताना दिसणाऱ्या स्मृतीवरून ठरविते. २५६ मेगाबाइट पाहून मांडलेली कोष्टके १२८ मेगाबाइट उरल्यावरही तेवढीच जागा अडवून बसतात. फुगा फुगवून उरलेले १२८ आणि मुळातले १२८ ही एकच रक्कम नव्हे, ही गोष्ट येथे प्रथम आकड्यांनिशी दिसली.

प्रसार : केंब्रिज (इंग्लंड) विद्यापीठात तयार झालेल्या झेन या नियंत्रकाने २००३ मध्ये फुग्याचा अवलंब केला. लिनक्सच्या गाभ्यात २००७ मध्ये समाविष्ट झालेल्या केव्हीएम या नियंत्रकासाठी रस्टी रसेल यांनी व्हर्टिओ ही जोडणीची सामायिक पद्धती आखली. तिच्यातील फुगा-चालक २००८ मध्ये आला. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये हायपर-व्ही या आपल्या नियंत्रकात बदलत्या स्मृतीची सोय केली. अशा रीतीने दहा वर्षांच्या आत सर्व प्रमुख नियंत्रकांत फुगा रूढ झाला. मोठमोठ्या संगणककेंद्रांतून यंत्रे भाड्याने देण्याचा धंदा याच काळात वाढला. भाडे स्मृतीच्या आकारावर आकारले जात असल्यामुळे तिचा हिशेब ही केवळ अभियंत्यांची बाब राहिली नाही.

हिशेबातील दोष : पहिला प्रश्न मोजणी कोठून सुरू करावयाची हा. यंत्राला बाहेरून दिलेली स्मृती आणि आतील प्रणालीला वापरण्याजोगी दिसणारी स्मृती या कधीच समान नसतात. आरंभीच्या आज्ञावलीने राखून ठेवलेली पृष्ठे, चित्रपटलासाठी वेगळी काढलेली स्मृती, खुद्द परिचालन प्रणालीच्या गाभ्याने व्यापलेली जागा या गोष्टी नियंत्रकाच्या वहीत यंत्राच्या नावे मांडलेल्या असतात, पण अतिथी प्रणालीच्या बेरजेत त्या सर्व येतातच असे नाही. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. यंत्राला १,०२४ मेगाबाइट दिले आहेत. आतील प्रणालीला त्यांपैकी १,००० दिसतात. नियंत्रकाने ५१२ वर येण्यास सांगितले. चालकाने आपल्या १,००० मधून ५१२ वजा केले व ४८८ मेगाबाइट परत केले. त्याच्या मते काम चोख झाले. नियंत्रकाच्या वहीप्रमाणे मात्र यंत्राकडे अजून ५३६ मेगाबाइट आहेत. २४ मेगाबाइटांची ही तूट एका यंत्रात क्षुल्लक वाटेल. एकाच संगणकावर अशी ५० यंत्रे असली, तर १,२०० मेगाबाइट स्मृती मिळाल्याचे गृहीत धरलेले असते, ती प्रत्यक्षात मिळालेली नसते.

उलट दिशेनेही चूक होते. व्यक्तिगत संगणकाच्या स्मृतीच्या नकाशात चार गिगाबाइटांच्या खाली एक पोकळी असते. तेथील पत्ते स्मृतीसाठी नसून उपकरणांसाठी राखलेले असतात. चालकाने सर्वांत वरच्या पत्त्यावरून मोजणी केली, तर या पोकळीतील पृष्ठेही यंत्राकडे आहेत असे धरले जाते आणि फुगा मागितल्यापेक्षा अधिक फुगतो. झेनच्या चालकाचा आरंभबिंदू कोणता असावा, यावर वेळोवेळी दुरुस्त्या कराव्या लागल्या, त्या याच कारणाने.

झेनमध्ये या चुकीला विशेष धार आली. यंत्राला कमाल स्मृती मोठी दाखवून सुरुवातीस प्रत्यक्षात थोडीच द्यावयाची, अशी सोय त्यात एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस झाली. त्यात अट अशी की, आतील चालकाने सुरू होताच फरकाएवढा फुगा फुगविला पाहिजे. तो काही पृष्ठांनीही कमी पडला, तर अतिथी प्रणाली कधीतरी अशा पृष्ठाला हात लावते की ज्याच्यामागे देण्यास काहीच शिल्लक नाही. तेव्हा नियंत्रकापुढे ते यंत्र तत्काळ बंद पाडण्यावाचून मार्ग राहत नाही. किरकोळ फरकाची ही चूक चालकाची. तिची शिक्षा मात्र सगळ्या यंत्राला होते.

दुसरा प्रश्न एककाचा आहे. व्हर्टिओच्या फुग्यात एक एकक म्हणजे ४,०९६ बाइट, हे कायमचे ठरवून टाकले आहे. पॉवर व आर्म या जातींच्या संगणकांत ६४ किलोबाइटांची पृष्ठेही वापरतात. अतिथी प्रणालीचे असे एक पृष्ठ फुग्याच्या वहीत १६ एकके म्हणून मांडावे लागते. हे फारसे कठीण नाही. नियंत्रकाच्या बाजूची पृष्ठे ६४ किलोबाइटांची व अतिथीची चारची असतील, तर मात्र खरी अडचण येते. अतिथीने चार किलोबाइट परत केले, वहीत जमा झाले. पण नियंत्रकाला ते मोकळे करता येत नाहीत, कारण त्याच पृष्ठाचे उरलेले पंधरा भाग अजून वापरात आहेत. सोळाही भाग गोळा होईपर्यंत ही जमा केवळ कागदावर राहते. वेग वाढविण्यासाठी नियंत्रक दोन मेगाबाइटांची मोठी पृष्ठे वापरतो तेथे दुसरीच हानी होते : मधलेच चार किलोबाइट काढून घेतल्याने मोठे पृष्ठ फुटते आणि मिळालेल्या स्मृतीपेक्षा गमावलेला वेगच भारी पडतो.

तिसरा प्रश्न वचन व वस्तुस्थिती यांतील अंतराचा. व्हर्टिओच्या रचनेत दोन वेगळी रकाने आहेत : फुगा किती असावा हे नियंत्रक एकात लिहितो, तो किती झाला हे अतिथी दुसऱ्यात लिहिते. ही विभागणी योग्यच आहे. परंतु दुसऱ्या रकान्यातील आकडा हा अतिथीचा स्वतःविषयीचा जबाब असतो. केव्हीएममध्ये परत केलेल्या पृष्ठाला अतिथी प्रणालीने पुन्हा हात लावला, तर नियंत्रक मुकाट्याने कोरे पृष्ठ पुरवितो आणि रकान्यातील आकडा होता तसाच राहतो. अतिथीवर विश्वास असेल तेथे हे चालते. अनोळखी लोकांना यंत्रे भाड्याने दिली जातात तेथे फुग्याचा आकडा हा पुरावा म्हणून धरता येत नाही. नियंत्रकाने आपली पृष्ठे स्वतः मोजणे हाच तेथे खरा ताळा.

चौथा प्रश्न अतिथी प्रणालीच्या आत घेतलेली स्मृती कोठे मांडावयाची, हा होय. वरकरणी हा केवळ नोंदीचा प्रश्न वाटतो, पण वापरणाऱ्याच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. एक पद्धत अशी की, फुग्यातील पृष्ठे एकूण स्मृतीतूनच वजा करावयाची. मग काल आठ गिगाबाइट दाखविणारे यंत्र आज पाच दाखविते. दुसऱ्या पद्धतीत एकूण आकडा कायम राहतो व फुगा वापरलेल्या स्मृतीत धरला जातो. मग तीन गिगाबाइट कोणी वापरले, याचा धनी कोणत्याही यादीत सापडत नाही. निरनिराळ्या नियंत्रकांच्या चालकांनी निरनिराळी पद्धत धरली. लिनक्समधील व्हर्टिओच्या चालकात तर दोन्ही आहेत : टंचाई झाल्यास फुगा आपोआप आक्रसावा अशी सोय मान्य केलेली असेल, तर एकूण स्मृती कमी करीत नाहीत, कारण ती पृष्ठे परत मिळण्याजोगी असतात; सोय नसेल तर कमी करतात. तर्क बिनचूक आहे. पण यंत्र सांभाळणाऱ्या माणसाला ही अट ठाऊक नसेल, तर समोरच्या आकड्याचा अर्थ त्याला लावता येत नाही.

याचा परिणाम काय होतो, हे स्मृती अगदी संपते तेव्हा कळते. अशा वेळी लिनक्सचा गाभा चालू आज्ञावल्यांपैकी एक निवडून बंद पाडतो. निवडीत सर्वांत अधिक स्मृती वापरणारीकडे झुकते माप असते, म्हणजे बहुधा ज्या कामासाठी ते यंत्र घेतले तीच, उदा., माहितीसाठा सांभाळणारी आज्ञावली. वास्तविक स्मृती अडवून बसलेला असतो फुगा. पण तो गाभ्याचाच भाग असल्याने निवडीच्या यादीत त्याचे नाव नसते. मागाहून चौकशी करणारा नोंदी तपासतो, तेव्हा आठ गिगाबाइटांच्या यंत्रात साडेचार गिगाबाइट वापरणारी आज्ञावली स्मृतीअभावी मारली गेल्याचे दिसते, आणि दोष त्या आज्ञावलीच्याच माथी येतो.

नंतरची वाटचाल : फुग्याची मर्यादा ओळखून काही वेगळे मार्गही निघाले. आयबीएमच्या मोठ्या संगणकांसाठी प्रत्येक पृष्ठाची अवस्था अतिथीने नियंत्रकाला सतत कळवीत राहण्याची योजना २००६ मध्ये मांडण्यात आली. ती अधिक नेमकी होती, परंतु परिचालन प्रणालीच्या गाभ्यात खोलवर बदल मागत असल्यामुळे सर्वत्र रुजली नाही. २०२० मध्ये लिनक्समध्ये रिकाम्या पृष्ठांची वार्ता आपोआप देण्याची सोय झाली. हिच्यात मागणी, लक्ष्य हे काही नसते व अतिथी रिकामी पृष्ठे गठ्ठ्याने कळविते. त्याच वर्षी आलेल्या व्हर्टिओ-मेम या पद्धतीत स्मृती ठराविक मोठ्या खंडांनी जोडली वा काढली जाते. कोणता खंड जोडलेला आहे, याची नोंद दोन्ही बाजूंस एकच असल्याने वर सांगितलेल्या पहिल्या दोषाला तेथे फारसा वाव नाही. या पद्धती आल्या तरी फुगा मागे पडलेला नाही, कारण तो जवळजवळ प्रत्येक अतिथी प्रणालीत आधीपासून बसलेला आहे.

लिनक्सच्या गाभ्यात २०२५ मध्ये एक लहान बदल झाला. प्रणालीच्या स्मृतीचा गोषवारा देणाऱ्या कोष्टकात फुग्यासाठी स्वतंत्र ओळ घालण्यात आली. निरनिराळ्या चालकांनी घेतलेली पृष्ठे एकाच गणकात मोजून ती तेथे दाखविली जातात. तोपर्यंत एकूण रकमेतून ज्ञात खर्चाच्या सर्व बाबी वजा करून, उरलेली बिननावी रक्कम फुग्याची असावी, असा अंदाज करावा लागे.